तात्यांनी सोडलेल्या तीन जागा

राधाकिशन तात्यांपुढे मातीची पिशवी ठेवायची म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. बीडच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली. लागले तेव्हा झाडलोट करून माती चाळायचं काम होतं, निवृत्त झाले तेव्हा सहायक होते. मधल्या काळात साहेब किती आले अन् किती गेले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण नमुना कसा घ्यायचा हे ज्याला शिकायचं असेल त्यानं तात्यांकडे जावं, एवढं आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्यांची पद्धत ठरलेली. रानात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, कडेची दोन बोटं माती खरवडायची. सगळी माती गोणपाटावर एक करायची, तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा एक करायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. आणि तीन जागा सोडायच्या: झाडाखालची, उकिरड्याची, येण्याजाण्याच्या वाटेवरची. कारण तिथली माती म्हणजे रानाची खरी माती नव्हे. झाडाखाली पाला कुजतो, उकिरड्यात शेण मुरतं, वाटेवर काय काय सांडतं. अशा जागेची चिमूटभर जरी आली तरी साऱ्या रानाचा अहवाल खोटा निघतो.

हे ते इतक्या वेळा बोलले होते की झोपेत विचारलं तरी म्हणाले असते. अर्जुनराव म्हणून शंभर एकरांचे धनी होते, त्यांनाही तात्यांनी एकदा तीन वेळा परत धाडलं होतं. कारण काय, तर पिशवीत कडुनिंबाची एक काडी सापडली. अर्जुनराव चरफडले, पण चौथ्यांदा नीट माती घेऊन आले. गावात ही गोष्ट तात्यांच्या देखत कुणी काढली तर ते तोंडदेखलं “जाऊ द्या” म्हणायचे आणि ऐकत बसायचे. थोडा ताठा होता माणसात. बत्तीस वर्षं एक काम नेकीनं केलेल्या माणसाला तेवढा शोभतो, असं माझं मत.

वडवणी तालुक्यातलं हिवरवाडी हे त्यांचं गाव. गावाच्या मधोमध, शाळेला लागून, जुन्या पुरवठा संघाचं गोदाम होतं. एकेकाळी आजूबाजूच्या पंधरा गावांच्या कापसाला लागणारी औषधं, खतं, बियाणं तिथून जायचं. संघ बुडून पंचवीस-तीस वर्षं झाली. पत्रे कुणी नेले, दारं कुणी नेली, भिंती कमरेएवढ्या उरल्या. एकरभर जागेत बाभळी माजल्या अन् गाव तिकडं पाहायचं विसरून गेलं.

मग रविराज सरपंच झाला. तिशीतला पोरगा, धडाडीचा, आरंभशूर मात्र नव्हे. हाती घेतलं की तडीस नेणारा. पुण्याच्या एका संस्थेला गाठून त्यानं या जागेवर अंगणवाडी अन् पुढं खेळायचं मैदान मंजूर करून आणलं. संस्थेनं अट एकच घातली. इथं औषधांचं गोदाम होतं, तेव्हा आधी माती तपासून घ्या. जुन्या औषधाचा अंश मातीत असेल तर तिथं लेकरं बसवायची नाहीत.

“नमुना कुणाकडून घ्यायचा?” असं ग्रामसेवकानं विचारलं तेव्हा रविराजला हसू आलं. घरात विहीर असताना कुणी घागर घेऊन वणवण करतं का?

तात्यांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं. गोणपाट, खुरपं, कापडी पिशवी, सगळं घरचं. बाभळीतून वाट काढत नागमोडी चालले, दहा खड्डे घेतले. मागच्या बाजूला मोठा लिंब होता, तो सोडला. भिंतीच्या कोपऱ्यात जुन्या केरकचऱ्याचा उंचवटा होता, तो सोडला. गाड्या लागायच्या त्या ओट्यापुढची जागा सोडली. मातीचे चार भाग केले, दोन टाकले, पुन्हा केले. बघायला जमलेल्या पोरांना रीतसर समजावूनही सांगितलं. पंचनाम्यावर लिहिलं, “नमुना मी स्वतः शास्त्रोक्त पद्धतीने घेतला आहे,” आणि खाली वळणदार सही केली.

पुण्याहून अहवाल आला. औषधाचा अंश अगदी नगण्य, मर्यादेच्या कितीतरी खाली. रविराजनं पेढे वाटले आणि मारुतीच्या पारावर भूमिपूजनाचा फलक लावला. तारीख, वेळ, पाहुण्यांची नावं, सगळं त्यावर छापून आलं.

फलक लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी केशरबाई तात्यांच्या ओट्याशी येऊन थांबल्या. भीमनगरात राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. संघ चालू होता तेव्हा सोळा वर्षं गोदामात झाडलोट करायच्या. त्यांचा नवरा धोंडीराम तिथंच हमाल होता, तो वारून बरीच वर्षं झाली. केशरबाईंना लिहिता येत नव्हतं, पण बोलायच्या नेमकं. पणती आरोही पुढच्या वर्षी अंगणवाडीत जायची होती, म्हणून चौकशीला आल्या होत्या.

“तात्या, माती चांगली निघाली म्हनं?”

“निघाली की, आक्का. नमुना मीच घेतलता.”

“कुठून कुठून घेतली?”

आता हा प्रश्न तात्यांच्या आवडीचा. त्यांनी नागमोडी चालण्यापासून सुरुवात केली. सोडायच्या तीन जागांवर आले. लिंबाखालची सोडली, कोपऱ्यातला उंचवटा सोडला, ओट्यापुढची सोडली. कशासाठी सोडली तेही सांगितलं. केशरबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मंग तात्या, जिथं पावडर हाय त्याच तीन जागा सोडल्या की तुमी.”

“कसली पावडर, आक्का?”

“वट्यावर गाडी रिकामी व्हायची,” केशरबाई सांगू लागल्या. “पोती फुटायची. कपाशीच्या किडीची पांढरी पावडर घोट्याएवढी सांडायची. मी ती झाडून त्या कोपऱ्यात लोटायची, रोजच्या रोज. आन मंग सरकारनं ती पावडर बंद केली. साठ-सत्तर पोती पडून व्हती. म्यानेजर म्हनला पुरून टाका. उन्हाळ्याचे दिस, बाकी ठिकानी पहार लागंना. लिंबाखाली सावली व्हती, जमीन जरा वल्ली व्हती. तिथं आमच्या ह्यांनी आन दोघा-तिघांनी कमरेएवढा खड्डा केला. मी पोत्यांवर माती लोटली.”

“हे आधी कावून सांगितलं न्हाई, आक्का?”

“कुनी इचारलं?” केशरबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

त्या गेल्यावर तात्या ओट्यावरून उठले. मग खुरपं अन् पहार घेऊन भर दुपारी एकटेच गोदामाच्या जागेत गेले. लिंबाच्या बुडापासून चार पावलांवर खणायला लागले. वीतभर गेले, काही नाही. हातभर गेले. मातीचा रंग बदलला, पांढुरक्या गाठी लागायला लागल्या आणि तो वास आला. कुबट, नाकात घर करून बसणारा. लहानपणी बापाबरोबर कापसावर पावडर उडवायला जायचे, तेव्हाचा. इतक्या वर्षांनी तसाच होता. तात्यांनी पहार खाली ठेवली. माती हातानं नव्हे, पायानं लोटून खड्डा बुजवला. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली.

चूक कुठं झाली ते त्यांना कळून चुकलं होतं. शेतकऱ्याला हवा असतो साऱ्या रानाचा मेळ. पेरणी साऱ्या रानात करायची असते, म्हणून वंगाळ जागा वगळायची आणि बाकीचं एक करायचं. इथं गरज होती त्या वंगाळ जागेचीच. ती वगळली, वर दहा ठिकाणची माती एक केली, म्हणजे कुठं थोडाफार अंश आला असेल तोही पातळ करून टाकला. पद्धत खोटी नव्हती. तात्यांनी नको त्या ठिकाणी लावली होती. आणि त्यावर त्यांची वळणदार सही होती.

जेवण गेलं नाही. बायको वत्सलाबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मंग आता काय करनार?”

“सही माघारी घेनार,” तात्या म्हणाले. शेंडी तुटो की पारंबी.

सकाळी रविराजच्या घरी गेले. रविराजनं सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. त्याला मी वाईट म्हणणार नाही. दोन वर्षं खेटे घालून मिळवलेलं काम पाण्यात जाताना दिसलं की कुणाचाही जीव तुटतो.

“तात्या, तारीख पडलीया. पावने ठरलेत. आन ती पावडर पार खाली हाय. वर मुरूम टाकू, फरशी बसवू. कुनाला काय कळतंय?”

“मैदानाला फरशी बसवनार हाय का?”

रविराजनं दाराची कडी उगाच पुन्हा लावली.

“लेकरं माती खातात, रविराज. आपन दोघंबी खाल्ली.”

“तुमचीच सही हाय तात्या. लोकं काय म्हनतील, इचार करा. बत्तीस वर्सांचं नाव हाय तुमचं.”

“त्या नावावरच तर लोकं लेकरं धाडनार हायेत,” तात्या म्हणाले. “म्हनून आलो.”

रविराजनं त्या दिवशी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तात्या मात्र ग्रामसभेची वाट बघत बसले. ग्रामसभा भरली मारुतीच्या पारासमोर. भूमिपूजनाचा विषय निघाला तसे तात्या उठले. म्हणाले, “गोदामाच्या जागेचा नमुना मी चुकीचा घेतला. अहवाल माझ्या पिशवीतल्या मातीचा हाय, त्या जागेचा न्हाई. माझी सही रद्द धरा. माती पुन्हा तपासल्याबिगर तिथं कुदळ मारू नका.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी हसलं आणि हसू पसरत गेलं. बंकट नावाचा एक फटकळ गडी आहे, तात्यांनी त्याची पिशवी दोनदा परत केली होती. इतक्या वर्षांनी त्याला उट्टं काढायची संधी मिळाली.

“तात्या, तुमच्या पिशवीत काडी निघाली म्हना की. आता तुमीबी जा माघारी.”

सगळी सभा खदखदली. तात्यांचे कान लाल झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटून गेलं असेल. पण ते खाली बसले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, “जातो, बंकट. चुकलं की माघारी जायचं, हे तुला मीच शिकवलं.” मग त्यांनी केशरबाईंना उभं केलं. केशरबाईंनी तात्यांना सांगितलं तेच, त्याच क्रमानं, पुन्हा सांगितलं. पोत्यांचा आकडा आला तसं हसणं थांबलं. ज्यांची लेकरं अंगणवाडीत जायची होती त्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. रविराजनं ते पाहिलं. तो उठला आणि स्वतःच्या हातानं फलकाची दोरी सोडली. मानलं पाहिजे पोराला.

संस्थेनं अंजली नावाची पर्यावरण अभियंता पाठवली. तिनं आल्या आल्या तात्यांचा पंचनामा वाचला आणि पहिली भेट मागितली ती केशरबाईंची. केशरबाई जागेत हिंडल्या. इथं ओटा, इथं मापाचा काटा, इथनं झाडत नेत होते, इथं लोटत होते. त्या जिथं पाय आपटायच्या तिथं तात्या चुन्याच्या फक्कीनं खूण करायचे. मग अंजलीनं साऱ्या जागेवर दोरीनं चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाची माती वेगळी, वरची वेगळी, खालची वेगळी, प्रत्येकीला काचेची वेगळी बरणी. एकीची माती दुसरीला लागू द्यायची नाही. प्रत्येक वेळी खुरपं धुवायचं, हातमोजे बदलायचे.

तात्यांनी मदतीला येऊ का म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, “काका, तुमच्याइतका स्वच्छ खड्डा मला घेता येणार नाही. फक्त मिसळायचं नाही.” आता बत्तीस वर्षांची सवय. दोनदा त्यांचा हात गोणपाटाकडं गेला, दोनदा त्यांनी स्वतःशीच जीभ चावली. तिसऱ्यांदा गोणपाटच उचलून घरी देऊन आले.

चौऱ्याऐंशी बरण्या गेल्या. अहवाल आला तेव्हा छत्तीस चौकोन साफ होते आणि सहा वाईट. लिंबाखालचे तर मर्यादेच्या शेकडो पट. सहाच्या सहा केशरबाईंच्या खुणांवर होते.

मग साफसफाई सुरू झाली. लिंब तोडावा लागला, मुळ्या पार पोत्यांत शिरल्या होत्या. गावातली म्हातारी माणसं त्या दिवशी हळहळली. मजुरांना मास्क, हातमोजे, गमबूट. धूळ उडू नये म्हणून सतत पाणी शिंपडायचं. निघालेली माती दुहेरी पिशव्यांत बांधून, झाकून ट्रकमध्ये, आणि ट्रक पुण्याकडं, जिथं असला घातक कचरा रीतसर ठेवतात तिथं. शाळेच्या बाजूला ताडपत्रीची भिंत उभारली. तात्या रोज आठ वाजता हजर. एखाद्या मजुरानं उकाड्यानं मास्क गळ्यात ओढला की तात्या काम थांबवायचे. मजूर वैतागायचे, म्हातारा लई खडूस हाय म्हणायचे. तात्यांना ते ऐकू यायचं आणि त्यांचं काही बिघडायचं नाही.

खड्डा साफ झाल्यावर त्याच्या तळाची अन् भिंतींची माती पुन्हा तपासायला गेली. तिचा अहवाल यायच्या आत एका सकाळी मुरुमाचा टिप्पर येऊन उभा राहिला. पाऊस तोंडावर, खड्ड्यात पाणी साचेल, म्हणून रविराजनं घाई केली होती. ड्रायव्हर टिप्पर मागं घ्यायला लागला तसे तात्या खड्ड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

“तात्या, सरका. खड्डा सगळा साफ दिसतोय की,” रविराज म्हणाला.

“मलाबी दिसलं व्हतं साफ. पयल्या बारीला.”

“आन पाऊस आला तर?”

“ताडपत्री टाकू. मी धरून बसतो पाहिजे तर. कागद आल्याबिगर एक पाटी पडनार न्हाई.”

रविराजनं कपाळाला हात लावला आणि टिप्पर माघारी धाडला. पुढचे नऊ दिवस गावानं तात्यांना बोल लावले. सासऱ्यानं धाकट्या सुनेची पोळी तपासावी तसं चाललंय म्हणे. दहाव्या दिवशी कागद आला. तळ साफ, तीन भिंती साफ, ओट्याकडची चौथी भिंत वाईट. ती आणखी चार हात खणली, पुन्हा बरण्या गेल्या, पुन्हा वाट पाहिली. या वेळी सगळंच साफ आलं. तेव्हा कुठं मुरूम पडला, आणि पहिल्या पाटीला रविराजनं तात्यांना बोलावलं. पाटी दोघांनी मिळून उचलली.

शेवटच्या पंचनाम्यावर सह्या करायच्या दिवशी ग्रामपंचायतीत, रविराजच्या देखत, अंजलीनं कागद तात्यांपुढे ठेवला. तात्यांनी तो केशरबाईंपुढे सरकवला. “जागा दाखवनारी म्हनून आधी आक्काचं नाव.” केशरबाईंनी अंगठा उठवला, शाई लुगड्याला पुसली. मग त्या उठल्या नाहीत. बसूनच राहिल्या.

“तात्या, एक इचारू?”

“इचारा की.”

“ती झाडलेली पावडर समदी कोपऱ्यात न्हाई गेली. सोळा वर्सं वटीत बांधून घरी आनली. ढेकनाला टाकायची, दान्याच्या कनगीत टाकायची, लेकरांच्या डोईत उवांना चोळायची. आमी समद्या बायांनी नेली. चांगली म्हनूनच नेली. उरली ती अंगनात सांडली.” त्यांनी अंगठ्याकडं पाहिलं. “अंगनवाडी नवी हाय म्हनून तिची माती तपासली. आमी तर तिथंच राहतो. आरोही तिथंच रांगली.”

अंजली कागद बघत राहिली. तिला नेमून दिलेलं काम त्या एकरात संपत होतं, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. रविराजनं खिडकीबाहेर पाहिलं.

तात्यांनी विचारलं, “पोरी, बरण्या किती उरल्या?”

“अकरा,” ती म्हणाली. “न्या, काका. लॅबशी मी बोलते.”

तात्यांनी बरण्यांचं खोकं काखेत घेतलं, खुरपं धुवून घेतलं आणि केशरबाईंबरोबर भीमनगरच्या वाटेला लागले. अंगणात पोचल्यावर त्यांनी नागमोडी चाल धरली नाही. दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, “आक्का, कुठं कुठं सांडायची, ते दाखवा.”

केशरबाई आधी चुलीच्या भिंतीशी गेल्या. मग जिथं बाज टाकायच्या तिथं. मग न्हाणीच्या दगडाशी, जिथं लेकरांची डोकी धुतली होती. तिथं त्या थांबल्या. तात्या त्यांच्या पायाशी उकिडवे बसले, हातमोजे चढवले आणि खणायला लागले.